लिनक्स शिकायचंय? आधी ‘कोणतं’ हा घोळ मिटवा

गोंदिया : ‘कमांड लाइन शिकायची आहे, कोणतं लिनक्स टाकू?’ अभियांत्रिकीच्या मुलांचा हा नेहमीचा प्रश्न. उत्तर शोधताना व्हिडिओंमागून व्हिडिओ पाहिले जातात, टर्मिनल मात्र उघडलंच जात नाही. माझं मत सरळ आहे : नवशिक्यांनी लिनक्स मिंट किंवा उबुंटू घ्यावं आणि आजच सुरुवात करावी.

फरक किती?
लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आणलेला लिनक्स हा मुळात कर्नल. त्याभोवती सॉफ्टवेअरची मोट बांधली की डिस्ट्रो तयार होते. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा या सगळ्यांत बॅश हाच नेहमीचा शेल. त्यामुळे ‘एलएस’, ‘सीडी’, ‘ग्रेप’ सगळीकडे सारखेच चालतात. नवशिक्याला फरक जाणवतो तो मुख्यतः सॉफ्टवेअर टाकताना : उबुंटू-मिंटमध्ये ‘एपीटी’, फेडोरात ‘डीएनएफ’.

जुन्या लॅपटॉपचं काय?
विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुनी यंत्रं विंडोज ११ स्वीकारत नाहीत. देवरी-सालेकशाहून शिकायला येणाऱ्या मुलाला त्यासाठी नवा लॅपटॉप घेण्याची गरज नाही. ४ जीबी रॅमवर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चालते. फाइल साधारण ३ जीबीची. एकाने डाउनलोड करून पेन ड्राइव्हवरून मित्रांना दिली तरी चालते, ते कायदेशीरच आहे. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहा. इन्स्टॉल करण्यापूर्वी फोटो, प्रोजेक्ट दुसरीकडे कॉपी करा.

काली का नको?
हॅकिंगच्या आकर्षणापोटी अनेक जण थेट काली टाकतात. पण लिनक्सची ओळख नसलेल्यांसाठी ते नाही, असं कालीच्याच माहितीपुस्तिकेत म्हटलं आहे. सुरक्षा तपासणीची ती अवजारं आहेत. आधी फाइल, परवानग्या आणि प्रोसेस समजू द्या.

लॅपटॉपच नसेल तर?
अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाका. पूर्ण डिस्ट्रो नसली तरी बॅशचा सराव होतो. विंडोजचा संगणक असेल तर ‘डब्ल्यूएसएल’मधून उबुंटू चालवता येतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर लिनक्सचे धडे मराठीतही आहेत.

जगातले बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. तिथे नोकरी मिळवायची तर कोणती डिस्ट्रो वापरता यापेक्षा लॉगमधली चूक शोधता येते का, हे महत्त्वाचं. ते रोजच्या अर्ध्या तासाच्या सरावानेच जमतं.