शत्रूशी बोलायचं कशाला?



२०२५ च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुलांच्या डोक्यात सुट्टीच्या गमतींपेक्षा युद्धाच्याच गोष्टी जास्त होत्या. एप्रिलमध्ये पहलगामला सव्वीस निरपराध माणसं मारली गेली. मे महिन्यात चार दिवस दोन्ही देशांची क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडाले आणि १० मे रोजी गोळीबार थांबला. दहावीच्या राज्यशास्त्राच्या तासाला परराष्ट्र धोरणाचा विषय निघाला आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. “बाई, शत्रूशी बोलायचं कशाला? बोलणारा घाबरट असतो ना?”

प्रश्न साधा होता. पण सगळा वर्ग गप्प झाला आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी म्हटलं, “तास संपत आलाय, उद्या बोलू.” खरं तर तासाची पंधरा मिनिटं शिल्लक होती.

असं का केलं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. या विषयावर आपण तोंड उघडलं की आपलं म्हणणं ऐकण्याआधी आपलं नाव ऐकलं जातं. म्हणून शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला की मी वह्या तपासायला घेते. ही सवय कधी लागली, कळलंही नाही. रात्री अम्मींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “बेटा, तू मुलांना जवाब दिला नाहीस, तर दुसरं कोणीतरी देईल.”

दुसऱ्या दिवशी वर्गात जे सांगितलं, तेच आज तुमच्यासमोर ठेवते.

दोन देशांचं बोलणं दोन वाटांनी चालतं. पहिली वाट सरकारी. मंत्री, राजदूत, करार, सह्या. भांडण पेटलं की ही वाट आधी बंद होते, कारण तिथं बोलणाऱ्याच्या प्रत्येक शब्दाला सरकारचा शिक्का असतो. दुसरी वाट बिनसरकारी. निवृत्त सेनापती, माजी राजदूत, प्राध्यापक, संपादक, शास्त्रज्ञ अशी माणसं एका टेबलाभोवती बसतात. त्यांना सही करण्याचा अधिकार नसतो, म्हणूनच ती मोकळेपणानं विचार करू शकतात. जोसेफ मॉन्टव्हिल या अमेरिकी मुत्सद्द्यानं १९८१ मध्ये या प्रकाराला ‘ट्रॅक टू’ म्हणजे ‘दुसरी वाट’ असं नाव दिलं.

नाव नवं, रीत जुनी. हिजरी सन ६ मध्ये प्रेषित (स.) उमऱ्यासाठी निघाले आणि हुदैबियाला मुक्काम पडला. कुरैश वाट अडवून बसले होते. सुलहनाम्यासाठी सुहैल बिन अम्र आले ते नंतर. त्याआधी खुजाआ कबिल्याचे बुदैल बिन वरका आले. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितलं की आम्ही लढायला आलेलो नाही. तो निरोप त्यांनी कुरैशपर्यंत पोहोचवला. कुरैशमधल्या काहींनी ऐकायलाच नकार दिला, समजूतदार लोक मात्र म्हणाले, काय ऐकून आलात ते सांगा. सुलह व्हायच्या आधी कोणीतरी निरोप न्यावा लागतो आणि कोणीतरी तो ऐकून घ्यावा लागतो.

आता आपल्या काळाकडे येऊ. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसले होते, तेव्हा जुलै १९५७ मध्ये कॅनडातल्या पगवॉश या लहानशा गावात बावीस शास्त्रज्ञ जमले. त्यात दोन्ही गटांचे लोक होते. त्यांच्या बैठका पुढं चालू राहिल्या. १९६३ मध्ये हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार झाला, त्याची जमीन तयार करण्यात या बैठकांचा वाटा होता, असं मानलं जातं. १९९५ चं शांततेचं नोबेल या पगवॉश परिषदेला आणि जोसेफ रॉटब्लॅट यांना मिळालं. रॉटब्लॅट स्वतः अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम करत होते आणि तो अर्धवट सोडून बाहेर पडले होते.

भारत-पाकिस्तानमध्ये अशी पहिली मोठी बैठक १९९१ मध्ये राजस्थानातल्या नीमराणा किल्ल्यात झाली. ती ‘नीमराणा संवाद’ म्हणून ओळखली जाते. काश्मीरसारख्या कठीण विषयांवर आयुष्यभर समोरासमोर उभे राहिलेले अधिकारी निवृत्तीनंतर तिथं शेजारी बसले.

वर्गात एवढं ऐकल्यावर तोच मुलगा म्हणाला, “पण बाई, ते लढलेले नसतील.”

मग मी त्याला आपल्या अलिबागकडे नेलं. ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास. १९७१ च्या युद्धात ‘बियास’ या युद्धनौकेचे कप्तान, वीरचक्राचे मानकरी, १९९० ते १९९३ भारताचे नौदलप्रमुख. निवृत्तीनंतर ते अलिबागजवळच्या भायमळा गावात शेती करत राहिले आणि पाकिस्तानी माणसांशी बोलत राहिले. १९९४ मध्ये उभ्या राहिलेल्या भारत-पाकिस्तान लोकमंचाचं काम त्यांनी इकडून केलं, तिकडून पत्रकार आय. ए. रहमान यांनी. २००४ मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रहमान २०२१ मध्ये गेले, रामदास २०२४ मध्ये. ज्यानं समुद्रात प्रत्यक्ष युद्ध पाहिलं, त्याला घाबरट कसं म्हणायचं? वर्गात कोणी काही बोललं नाही.

या बोलण्याचा गरिबाच्या घराशी काय संबंध? पालघर जिल्ह्यातले कितीतरी आदिवासी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. सर क्रीकचा वाद मिटलेला नाही, त्यामुळं दोन्ही देशांना मान्य असलेली सागरी हद्दच ठरलेली नाही. पाण्यावर रेघ दिसत नाही. बोट पकडली गेली की खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जातो. तसेच पाकिस्तानी मच्छीमार आपल्याकडच्या तुरुंगात असतात. शिक्षा संपली तरी नागरिकत्वाची खात्री होईपर्यंत सुटका नाही, आणि ती खात्री दोन सरकारं एकमेकांशी बोलल्याशिवाय होत नाही. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती २००८ पासून तुरुंगांना भेटी देत होती. कैद्यांची गाऱ्हाणी ऐकायची, सुटकेची शिफारस करायची. २०१३ नंतर त्या भेटी थांबल्या. अबोल्याची किंमत दिल्ली-इस्लामाबादला कळायच्या आधी डहाणूच्या पाड्यावरच्या बाईला कळते.

तरीही एक धागा टिकला आहे. २००८ च्या कराराप्रमाणे दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. मे २०२५ च्या लढाईनंतर, व्हिसा आणि सीमा बंद असताना, १ जुलैलाही याद्या दिल्या गेल्या.

मुलांना दुसरी बाजूही सांगितली. अशा बैठकांतून प्रत्येक वेळी सुलह होतेच असं नाही. इस्रायली प्राध्यापक आणि पॅलेस्टिनी नेते १९९३ मध्ये नॉर्वेत गुपचूप भेटले, त्यातून ओस्लो करार झाला, आणि आज गाझाची दशा आपण पाहतोच आहोत. बैठकीत बसलेल्यांच्या हाती ना सैन्य असतं, ना तिजोरी. दहशतवादी हल्ला झाला की वर्षांचं काम एका दिवसात मोडतं. आणि बोलणं म्हणजे गुन्हेगाराला माफी देणं नव्हे. निरपराधांना मारणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण शिक्षा झाली तरी शेजारी तोच राहतो, नदी आणि समुद्रही तेच राहतात.

शेवटी मुलांकडून एक काम करून घेतलं. शाळेच्या मैदानावरून ‘अ’ आणि ‘ब’ तुकडीचं महिनाभर भांडण चाललं होतं. मी सांगितलं, ‘अ’ वाल्यांनी ‘ब’ ची बाजू लिहायची, ‘ब’ वाल्यांनी ‘अ’ ची. अट एकच: वाचून समोरच्यानं म्हणायला हवं, हो, आमचं म्हणणं हेच आहे. पहिल्या दिवशी एकही कागद पास झाला नाही. तिसऱ्या दिवशी चार झाले. मैदानाचा वाद अजून पुरता मिटलेला नाही, पण आता वार ठरवून खेळतात.

मागच्या बाकावरच्या मुलाचा कागद पास झालेल्या चारांत होता. तो म्हणाला, “बाई, भांडणापेक्षा हे अवघड आहे.”

घरात जेवताना मुलं असे प्रश्न विचारतील. बातम्यांचा आवाज वाढवून त्यांना गप्प करू नका, आणि माझ्यासारखं “उद्या” म्हणून टाळूही नका. भीतीनं आपण गप्प बसलो तर आपल्या वाटचा जवाब दुसरा कोणीतरी देतो. मी हल्ली शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला की वह्या बाजूला ठेवते.