प्रौढांचे इंग्रजी आणि स्वाध्यायाची पाच अंगे

पतीच्या निधनानंतर महिनाभराने एक श्राविका बँकेत गेल्या. वय ६२. खाते पती-पत्नी दोघांच्या नावे होते. काउंटरवरील अधिकाऱ्याने नोंद पाहिली आणि धीर देत म्हटले, “काकू, खाते ‘एदर ऑर सर्व्हायव्हर’ आहे. काळजी करू नका. मृत्यूचा दाखला आणि आपले ओळखपत्र तेवढे घेऊन या.” अधिकाऱ्याचा हेतू चांगलाच होता, परंतु ते तीन इंग्रजी शब्द ऐकून बाई घाबरल्या. खात्यावर काही बोजा तर नाही ना, अशी शंका घेऊन त्या घरी आल्या. नातवाला विचारले, तर मोबाईलवरून दृष्टी न काढता तो म्हणाला, “आजी, तुला नाही कळणार ते.”

रात्री ओटा आवरून झाल्यावर सूनबाई पासबुक घेऊन शेजारी बसल्या. “आई, एदर म्हणजे दोघांपैकी कोणीही एक. सर्व्हायव्हर म्हणजे मागे राहिलेली व्यक्ती. दोघेही असताना कोणीही एकट्याच्या सहीने व्यवहार करू शकतो. एक गेल्यावर रक्कम मागे राहिलेल्या व्यक्तीला मिळते.” बाई बराच वेळ त्या शब्दांकडे पाहत राहिल्या. तीस वर्षांपूर्वी त्याच शब्दांखाली त्यांनी सही केली होती. तेव्हा त्यांचा अर्थ कोणी सांगितला नव्हता, आणि त्यांनीही विचारला नव्हता.

प्रौढांनी इंग्रजी का शिकावे, या प्रश्नाचे उत्तर या प्रसंगात आहे. प्रतिष्ठेसाठी नव्हे, चारचौघांत मिरवण्यासाठीही नव्हे. ज्या कागदावर आपली सही आहे, तो आपल्याला वाचता यावा, एवढ्यासाठी. आपल्या अनेक गावांत आणि नगरांत मंदिराची सभागृहे दुपारी रिकामी असतात आणि निवृत्त शिक्षक-शिक्षिकाही समाजात पुष्कळ आहेत. तथापि, असे वर्ग सुरू होतात आणि दोन-तीन महिन्यांत ओस पडतात. याचे कारण बहुधा विद्यार्थ्यांच्या बुद्धीत नसते, शिकवण्याच्या रीतीत असते. साठ वर्षांच्या आजींना पहिलीच्या मुलासारखे ‘ए फॉर ॲपल’ म्हणायला लावले, की त्यांचा उत्साह तेथेच मावळतो.

प्रौढांनी कसे शिकावे, याचा विचार आपल्या परंपरेने फार पूर्वी केलेला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात अंतरंग तपांमध्ये स्वाध्यायाची गणना असून त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. स्वाध्यायाचे प्रयोजन आत्मकल्याण आहे आणि लौकिक भाषेचे शिक्षण त्याच्या पंक्तीला बसत नाही, हे उघडच आहे. परंतु ज्ञान ग्रहण करण्याचा हा क्रम इतका स्वाभाविक आहे, की प्रौढांच्या इंग्रजी वर्गालाही तो मार्गदर्शक ठरावा.

पहिली वाचना. पाठ कोणता घ्यावा? तो विद्यार्थ्याच्या घरातून यावा. प्रत्येकाने आपल्याला न समजलेला एक कागद आणावा : औषधाची पट्टी, बँकेचा संदेश, विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, खाद्यपदार्थाचे रिकामे पाकीट. त्या कागदांवरील शब्द हाच पहिल्या महिन्याचा अभ्यासक्रम. ‘डेबिटेड’ म्हणजे खात्यातून गेले, ‘क्रेडिटेड’ म्हणजे खात्यात आले, एवढे दोन शब्द नीट ओळखता आले तरी फसवणुकीचा एक मार्ग अरुंद होतो. मोबाईलवर ‘पे’ हा शब्द दिसला तर पैसे आपल्याकडून जाणार आहेत आणि पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही, हा धडा त्याच ओघात देता येतो.

आपल्या समाजाला तर आहारशुद्धीसाठीही हे वाचन आवश्यक आहे. भारतातील वेष्टनावर शाकाहाराचे हिरवे चिन्ह असते. परंतु पदार्थात कांदा, लसूण किंवा बटाटा आहे की नाही, हे त्या चिन्हावरून कळत नाही. त्यासाठी बारीक अक्षरांतील घटकांची यादीच वाचावी लागते. मुलाकडे परदेशी गेलेल्या आई-वडिलांना तर हिरवे चिन्ह सर्वत्र आढळेलच असे नाही. तेथे ‘जिलेटिन’ हा प्राणिजन्य पदार्थ आहे आणि चीजमधील ‘रेनेट’ वासराच्या जठरातूनही काढलेले असू शकते, हे ठाऊक असलेले बरे. विमानाच्या तिकिटावर जैन भोजनासाठी ‘व्हीजेएमएल’ ही चार अक्षरे असतात, हे माहीत असणाऱ्या प्रवाशाला ती आहेत की नाहीत हे स्वतः पाहता येते. अशा शब्दांसाठी कोणालाही आग्रह करावा लागत नाही. गरज असली की शब्द आपोआप लक्षात राहतो.

वर्गाच्या पहिल्याच दिवशी शिक्षकांनी फळ्यावर बस, स्टेशन, डॉक्टर, चेक, पासबुक, गॅस, कुकर असे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहावेत. हे सारे शब्द विद्यार्थ्यांच्या जिभेवर आधीपासून आहेत. आता त्यांची केवळ अक्षरओळख व्हायची आहे. आपण शून्यापासून आरंभ करीत नाही, हे कळले की निम्मी भीती जाते.

दुसरी पृच्छना, म्हणजे शंका विचारणे. प्रौढ विद्यार्थ्याची खरी अडचण येथे आहे. मूल चुकले तर हसते आणि पुढे जाते; प्रौढ माणूस चुकण्यापेक्षा गप्प बसणे पसंत करतो. म्हणून सर्वप्रथम विचारण्याचीच वाक्ये शिकवावीत : ‘प्लीज स्पीक स्लोली’, ‘प्लीज राइट इट डाउन’, ‘व्हॉट डज धिस मीन?’ ही तीन वाक्ये ज्याला येतात, त्याचे अडलेले काम पुढे सरकते. बँकेतील त्या बाईंजवळ यांपैकी एक जरी वाक्य असते, किंवा हाच प्रश्न मराठीत विचारण्याचे धैर्य असते, तर घरी येईपर्यंतची ती व्याकुळता टळली असती.

चूक सुधारण्याची रीतही येथे महत्त्वाची आहे. विद्यार्थिनी ‘ही गो येस्टरडे’ म्हणाली, तर तिला मध्येच थांबवू नये. ‘येस, ही वेंट येस्टरडे. व्हेअर डिड ही गो?’ असे म्हणावे. योग्य रूप कानी पडते, संभाषण चालू राहते आणि कोणाचा उपमर्दही होत नाही. हित, मित आणि प्रिय बोलावे, ही भाषासमितीची शिकवण शिक्षकाला याहून अधिक कोठे उपयोगी पडणार?

तिसरी अनुप्रेक्षा, म्हणजे जाणलेल्या अर्थाचे पुनःपुन्हा चिंतन. प्रौढाचे मोठे भांडवल म्हणजे त्याची मातृभाषा. वर्गात मराठीला बंदी घालणे म्हणजे हे भांडवल वापरायचेच नाही असे ठरवणे होय. तुलना करू द्यावी. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते, ‘मी चहा घेते’. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, म्हणजे ‘वर’ हा शब्द मागून जोडतो. इंग्रजीत ‘ऑन’ आधी येतो. काही ठिकाणी इंग्रजी सोपीही आहे. ‘जातो’ आणि ‘जाते’ असा भेद तेथे नाही. तू, तुम्ही आणि आपण या तिघांसाठी एकच ‘यू’ आहे; म्हणून आदर दाखवण्याचे काम ‘प्लीज’ आणि ‘कुड यू’ या शब्दांकडे जाते. ते गाळले तर आपले बोलणे नकळत उद्धट वाटते.

आकड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. ‘एकोणपन्नास’ म्हणताना आपण पन्नासातून एक वजा करतो. ‘फॉर्टी-नाइन’ मध्ये चाळीस आणि नऊ यांची सरळ बेरीज आहे. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांच्या उच्चारातील गोंधळामुळे तेराशेचे तीन हजार होऊ नयेत, म्हणून रक्कम ऐकली की ती कागदावर अंकांत लिहून दाखवण्याची सवय लावावी.

चौथा आम्नाय, म्हणजे शुद्ध उच्चारासह आवृत्ती. “आता या वयात काय लक्षात राहणार?” हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. पण तो विचारणाऱ्या अनेक श्राविकांना भक्तामर स्तोत्राची ४८ काव्ये मुखोद्गत असतात. ती एका दिवसात पाठ झालेली नाहीत. रोजच्या पठणाने झाली आहेत. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली विस्मरणासंबंधीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग आरंभी सर्वाधिक असतो आणि पुढे तो मंदावतो, हे त्यातून दिसले. त्यामुळे नवा शब्द त्याच सायंकाळी, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने असा वाढत्या अंतराने आठवून पाहावा. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे अधिक फलदायी होतात.

याचा हिशेब आवर्ती ठेवीसारखा आहे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत सुमारे २,००० मूळ शब्द होते. रोज तीन शब्द जमा केले तर दोन वर्षांत २,१९० होतात. काही शब्द विसरले जातील हे गृहीत धरले, तरी नित्याच्या व्यवहाराला पुरेल एवढी पुंजी साठते.

उच्चारांत साहेबी थाट आणण्याचे कारण नाही; समोरच्याला कळले म्हणजे पुरे. मात्र मराठीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते जवळजवळ निश्चित असते, तसे इंग्रजीत नाही. ‘सी’ हे अक्षर कधी ‘क’ होते, तर कधी ‘स’. यास्तव शब्द आधी कानाने घ्यावा, मग डोळ्यांनी पाहावा आणि शेवटी हाताने लिहावा. वहीत उच्चार देवनागरीत टिपून ठेवण्यास आरंभी कोणतीही हरकत नसावी.

पाचवा धर्मोपदेश, म्हणजे जे जाणले ते दुसऱ्याला सांगणे. दर आठवड्याला एक काम वर्गाबाहेरचे असावे : दुकानातील एका पाकिटावरील घटक वाचून येणे, औषधावरील ‘एक्स्पायरी’ची तारीख पाहणे, डॉक्टरांच्या चिठ्ठीतील ‘बिफोर फूड’ आणि ‘आफ्टर फूड’ घरातील ज्येष्ठांना समजावून सांगणे. परीक्षा घ्यायची असेल तर लेखी घेऊ नये. आज आपण काय शिकलो, हे प्रत्येकीने एका नव्या व्यक्तीला शिकवावे. जे शिकवता आले, ते खरोखर आले.

घरातील तरुणांचेही येथे एक कर्तव्य आहे. मोबाईलवरील अक्षरे मोठी करून देणे, दिवसाकाठी पाच मिनिटे शेजारी बसणे आणि ‘तुला नाही कळणार’ हे वाक्य घरातून हद्दपार करणे, इतके केले तरी पुष्कळ आहे. आजीने अक्षर न अक्षर गिरवून घेतलेला नातूच हे वाक्य बोलतो, तेव्हा ते अधिक लागते.

त्या बाई पुढे मंदिराच्या सभागृहातील दुपारच्या वर्गाला येऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी आणलेला कागद म्हणजे तेच पासबुक. काही महिन्यांनी वर्गात आलेल्या एका तरुण गृहिणीला त्या शांतपणे समजावीत होत्या : “एदर ऑर सर्व्हायव्हर असेल तर तुलाही पैसे काढता येतात. पण फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर असेल, तर पहिले नाव ज्याचे, तो हयात असेपर्यंत त्यालाच. दोन्ही ठिकाणी सर्व्हायव्हर आहे म्हणून सारखे समजू नकोस.”

ती गृहिणी म्हणाली, “काकू, आमच्या खात्यावर कोणते आहे, मी कधी पाहिलेच नाही.”

“मग आज घरी गेल्यावर पाहा,” बाई म्हणाल्या. “आणि नाही कळले, तर विचार.”