१४ एप्रिलचे देणे

चैत्रपालवीच्या दिवसांत येणारी १४ एप्रिल ही तारीख आपल्याला दोन अंगांनी श्रमांची आठवण करून देते. ही बाबासाहेबांची जयंती. आणि ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते त्याच काळात, १९४४ साली, याच दिवशी दुपारी चारनंतर मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. ६६ अग्निशामक जवान कामी आले, आणि त्यांच्या स्मृतीला वाहिलेला अग्निशमन सेवा सप्ताह दरवर्षी याच दिवसापासून देशभर पाळला जातो.

ती कथा सांगताना आपण जहाजावरून उडून आकाशातून पडलेल्या सोन्याच्या विटांपाशी फार रेंगाळतो. खरे पाहता त्या संहाराचे मूळ माल रचण्यात होते: ज्या खणात कापसाच्या गासड्या, त्याच खणात स्फोटके! जहाजांवर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांना अपघातापासून जपणारा कायदा १९३४ सालीच संमत झाला होता. तो अमलात यायला मात्र १९४८ उजाडले. पुढे १९८६ मध्ये अधिक व्यापक कायदा आला.

स्फोटाचा इतिहास होतो. एकेकट्या मरणाची मात्र बातमीही होत नाही. कुठे झिजलेला तारेचा दोर तुटतो, कुठे क्रेनला टांगलेले ओझे झोका घेते, कुठे उघड्या हॅचमधून पाऊल निसटते. कोळसा, लाकडाचे ओंडके, भंगार लोखंड हा तर दिसायला निरुपद्रवी माल. पण बंद खणातला प्राणवायू तो गुपचूप शोषून घेतो. खाली उतरलेला गडी कोसळतो, आणि त्याला उचलायला मायेने धावलेला सोबतीही तिथेच आडवा होतो.

दसऱ्याला आपण हत्यारे पुजतो, क्रेनलाही झेंडूचा हार घालतो. त्या पूजेचा अर्थ एका दिवसापुरता नाही. दोर तपासणे, खणातली हवा मोजणे, ओझ्याखालून माणूस बाजूला करणे ही तिचीच रोजची आवर्तने आहेत. आपल्या घरातले कितीतरी जिन्नस समुद्रावरून येतात, तेव्हा या देण्यात आपणही वाटेकरी आहोत. म्हणून यंदा हुतात्म्यांना मानवंदना देताना एवढे ठरवूया, की ‘आधी हवा तपासा, मगच माणसे उतरवू’ म्हणणाऱ्या मुकादमाला ‘जहाजाचा खोळंबा होतो’ हे उत्तर कुणी देणार नाही, आणि दिलेच तर आपण ते ऐकून घेणार नाही.