जुनी पेढी आणि लहान बचतदार

अनेकांच्या लहानसहान बचती एकत्र करून त्या निरनिराळ्या कंपन्यांच्या समभागांत व रोख्यांत गुंतविणे, हे म्युच्युअल फंडाचे मूळ सूत्र होय. जर्मनीतील ‘डीडब्ल्यूएस’ ही संस्था १९५६ साली हाम्बुर्ग येथे याच हेतूने स्थापन झाली. तिची प्रमुख मालक डॉइचे बँक मात्र मूळची बर्लिनची, स्थापना १८७० ची. त्याच बर्लिनमध्ये तत्त्वज्ञ मोझेस मेंडेलसोन यांचे पुत्र जोसेफ यांनी १७९५ साली आपली पेढी उघडली होती. नाझी राजवटीच्या दडपणामुळे १९३८ मध्ये ती बंद करावी लागली आणि तिचा व्यवहार डॉइचे बँकेकडे गेला.

२०१८ साली डीडब्ल्यूएसचे समभाग शेअरबाजारात आले. पर्यावरणहिताच्या गुंतवणुकीविषयी तिने केलेल्या जाहिराती वस्तुस्थितीस धरून नव्हत्या, म्हणून २०२५ मध्ये फ्रांकफुर्टच्या सरकारी वकिलांनी तिला अडीच कोटी युरो दंड ठोठावला.

नव्या देशात स्थिरावणाऱ्या आपल्या कुटुंबांना पेढीचे मोठे नाव पाहून विश्वास टाकावासा वाटतो. आम्ही इतकेच सुचवितो की, नावाबरोबर वर्तनही पाहावे. कष्टाची पुंजी सोपविण्यापूर्वी खतावणीची सर्व पाने उलटून पाहणे, हा बचतदाराचा हक्कच होय.