एक आत, तर एक बाहेर



या वेळी दुसऱ्या कुणाची नाही, माझ्याच घरातली गोष्ट सांगतो. मोठ्यांनी हसावं, लहानांनी शहाणं व्हावं.

२०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या अश्दोदच्या घरात १६३ यंत्रमानव राहत होते. खेळण्यातले हो! पत्र्याचे, प्लॅस्टिकचे, चावीचे, बॅटरीचे. माणसं आम्ही दोनच, मी आणि आमच्या सौ. शनिवारी लेक आणि नातवंडं आली की पाच. म्हणजे बहुमत कुणाचं ते तुम्हीच ठरवा.

हा नाद मला लागला कसा? १९५८ च्या सुमारास आम्ही माझगावला राहायचो. गोदीत कामाला असलेल्या काकांनी एका खलाशाकडून जपानी पत्र्याचा रोबो आणला. चावी दिली की खर्र खर्र करत चालायचा आणि भिंत आली की तिथेच पाय आपटत बसायचा. आई तो कपाटात कुलपात ठेवी. सणासुदीला बाहेर काढायचा, तीन वेढे चावी, की परत आत. १९६९ मधे आम्ही अल्या केली. माणशी वीस किलो सामान. ट्रंक भरताना आईने रोबो बाहेर काढला आणि त्याच्या जागी पुरणयंत्र ठेवलं. यंत्रमानव गेला, यंत्र आलं! रोबो शेजारच्या मुलाला दिला. मी एकवीस वर्षांचा घोडा, पण खरं सांगतो, त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढे पंचवीस-तीस वर्षांनी याफोच्या जुन्या बाजारात, म्हणजे आपल्या चोरबाजाराच्या सख्ख्या भावाकडे, तसाच एक रोबो दिसला. घेतला. घरी आणून पाहिला तर तो नव्हे. पाय वेगळे. मग दुसरा घेतला. तोही नव्हे. एका हरवलेल्यासाठी मी १६३ गोळा केले.

बाळांनो, आता थोडी माहिती, कारण तुम्हांला ती शाळेत कुणी सांगायचं नाही. ‘रोबो’ हा शब्द आला कुठून? कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाने १९२० मधे ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहिलं. पुढच्याच वर्षी ते प्राग शहरात रंगभूमीवर आलं. माणसासारखे दिसणारे, माणसाची कामं करणारे मजूर त्यात होते. त्यांना काय म्हणायचं? कारेलचा भाऊ योसेफ चित्रकार होता. त्याने सुचवलं, ‘रोबोट’. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगार. म्हणजे मूळ अर्थ खेळणं नव्हे, तर वेठीला धरलेला गडी.

आणि हे प्राग म्हणजे तेच, जिथे महाराल रब्बींनी मातीचा गोलेम केला अशी दंतकथा आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ लागण्यापूर्वी, ते त्याच्या तोंडातली देवाच्या नावाची चिठ्ठी काढून घेत, की गोलेम निपचित. एका शुक्रवारी ते विसरले आणि गोलेमने सगळा मोहल्ला उलटापालटा केला. ही गोष्ट माझ्या आजीलाही ठाऊक होती. आपणच आणलेल्या वस्तूला कधी थांबवायचं हे विसरलं, की ती आपल्यालाच घराबाहेर काढते. पण कळूनही वळत नाही ना!

पत्र्याचे रोबो मात्र जपानचे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तिथे कच्चा माल नव्हता. अमेरिकन सैनिकांनी टाकलेले खाण्याचे डबे कापून, सपाट करून खेळणी बनवायला सुरुवात झाली. काही जुन्या खेळण्यांना आतून पाहिलं तर डब्यावरची छपाई दिसते असं जाणकार सांगतात. १९४७ ते १९५२ या काळात बाहेरदेशी जाणाऱ्या मालावर ‘ऑक्युपाइड जपान’मधे बनवलेला, असा शिक्का असे. १९५६ मधे ‘फॉरबिडन प्लॅनेट’ हा सिनेमा आला, त्यातला रॉबी नावाचा रोबो जगभर गाजला, आणि जपानी कारखान्यांनी त्याच्यासारखे दिसणारे किती बनवले त्याला गणतीच नाही. १९८४ मधे ट्रान्सफॉर्मर्स आले, ते तुमच्या बाबांचं बालपण. मोटारीचा रोबो आणि रोबोची मोटार. तेही मुळात जपानी खेळण्यांचेच साचे होते, अमेरिकन कंपनीने नवं नाव देऊन विकले.

तर आता मूळ प्रश्न. संग्रह फार मोठा झाला हे ओळखायचं कसं? १६३ पुष्कळ, की १६? आकड्यावरून काही कळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. खुणा वेगळ्याच असतात, आणि मला त्या एकेक करून दिसत होत्या. मी डोळे मिटून बसलो होतो, एवढंच.

पहिली खूण. मी एक निळा रोबो मोठ्या आनंदाने घेऊन आलो आणि खोक्यात ठेवायला गेलो तर तिथे तसाच निळा रोबो आधीच बसलेला! आपल्याकडे काय आहे हेच आपल्याला आठवत नसेल, तर तो संग्रह कसला? ते गोदाम.

दुसरी खूण, खोकी. जुन्या खेळण्याचं मूळ खोकं असेल तर शौकीन लोक जास्त पैसे मोजतात. म्हणून मी एकही खोकं टाकलं नाही. रोबो वीतभर आणि खोकं हातभर. पलंगाखाली खोकी, कपाटावर खोकी. पेसाहच्या साफसफाईला सौ. प्रत्येक रोबो उचलून झटकायच्या. एका वर्षी एकाच्या छातीच्या झडपेतून नातवाने कोंबलेलं अर्धं बिस्कीट निघालं. त्या म्हणाल्या, “अहो, तुमच्या या पाहुण्यांना हामेत्सचे नियम कोण शिकवणार?”

तिसरी खूण, देखभाल. अश्दोदला समुद्राची खारी हवा. पत्र्याला गंज धरायला काय वेळ लागतो? शिवाय बॅटऱ्या आतच विसरल्या तर पाझरतात आणि पांढरी पूड साचून पितळी पट्ट्या खाऊन टाकतात. माझे तीसेक रोबो असे आतून मेले होते आणि मला पत्ता नव्हता. ज्यांची काळजी घ्यायला हात पुरत नाहीत, ते आपले कसे म्हणायचे?

चौथी खूण सगळ्यांत वाईट. धाकटा नातू घरात आला की माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघायचं, “हात लावू नकोस!” शालोम नाही, ये नाही, जेवलास का नाही. एकदा तो त्याच्या आईला म्हणाला, “सबाच्या घरी खेळणी खूप आहेत, पण खेळायला काही नाही.” मी ऐकलं आणि ऐकलं नाहीसं केलं.

पाचवी खूण दिसली ती मात्र मला हलवून गेली.

आमचं घर तसं नवं, म्हणून घरात ममाद आहे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर नव्या घरांत ही जाड काँक्रीटची खोली बांधणं सक्तीचं झालं, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आमची खोली साधारण नऊ चौरस मीटरची. रिकामी खोली दिसली की माणूस तिथे काय ठेवतो? मी तिथे तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या ठोकल्या आणि रोबो मांडले. मधे एक माणूस उभा राहील एवढी वाट. २०२३ च्या ऑक्टोबरपासून कितीदा तरी सायरन झाले. आम्ही दोघं त्या वाटेत उभे राहायचो. चालून गेलं.

मग जून २०२५ मधे बारा दिवस इराणची क्षेपणास्त्रं येत होती. लेक आणि दोन्ही नातवंडं आमच्याकडे राहायला आली होती. समोरच्या जुन्या इमारतीत आपल्याच एक मावशी राहतात. वय चौऱ्यांशी, वॉकर घेऊन चालतात. त्यांच्या घरात ममाद नाही, आणि सार्वजनिक मिकलात दोन गल्ल्या लांब. आम्ही त्यांना सांगून ठेवलं होतं, मोबाईलवर आधीची सूचना आली की सरळ आमच्याकडे या. एका रात्री त्या आल्या. लेक मुलांना घेऊन आत गेली, सौ. गेल्या, आणि मावशींचा वॉकर दारातच खोक्यांत अडकला. पुढे सरकेना, मागे फिरेना. तेवढ्यात सायरन सुरू झाला. मी खोकी ओढून बाहेर फेकतोय, नातू आतून ढकलतोय, मावशी दाराच्या उंबऱ्यावर उभ्या. शेवटी वॉकर बाहेर ठेवून लेकीने त्यांना धरून आत घेतलं आणि मी लोखंडी दार ओढलं.

लांबवर धमाका झाला. खोली हादरली, आणि वरच्या फळीवरचा एक भला जड रोबो नातीच्या पायाजवळ आदळला. वीतभर इकडे पडता तर? त्या विचाराने आजही अंगावर काटा येतो. कुणी काही बोललं नाही. मग मावशी चारी बाजूला बघत हसून म्हणाल्या, “अरे बाबा, या सगळ्यांना तू जागा दिलीस. माझ्यापुरती तेवढी राहिली नाही बघ.”

त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्या उतरवल्या. तीन ढीग केले. राखायचे, खेळायचे, द्यायचे. वाटणी नातवंडांनी केली, मी फक्त खुर्चीत बसून उसासे टाकले. नियम सौ.नी घातला: दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मावतील तेवढेच राखायचे, आणि पुढे एक आत आला तर एक बाहेर गेला पाहिजे. चोवीस मावले. सत्तरेक एका शौकिनाने खोक्यांसकट नेले. त्या पैशांतून ममादमधे मावशींसाठी हातांची भक्कम खुर्ची आली. प्लॅस्टिकचे चांगले चालणारे मुलांना वाटले. मेलेल्यांचे स्क्रू, मोटरी, चाकं काढून नातवाने डबा भरला.

जपानमधे असंच करतात हे मला नंतर कळलं. सोनी कंपनीने १९९९ मधे आयबो नावाचा रोबो-कुत्रा काढला, २००६ मधे बंद केला आणि २०१४ मधे त्याची दुरुस्तीही थांबवली. म्हाताऱ्या माणसांचे ते सोबती! मग चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंसाठी रीतसर प्रार्थना होऊ लागल्या, आणि निरोप देऊन झाला की त्यांचे भाग काढून दुसऱ्या आयबोंना बसवत. अवयवदानच म्हणा ना. २०१८ मधे नवा आयबो बाजारात आला, ते वेगळं.

घरात जुने रोबो असतील तर चार गोष्टी लक्षात ठेवा. ठेवून देताना बॅटरी काढा. अल्कलाइन बॅटरी पाझरली असेल तर मोठ्यांनी हातमोजे घालून, कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसावं. जुन्या पत्र्याच्या कडा धारदार असतात आणि रंगात शिसं असू शकतं, तेव्हा ते तान्ह्यांच्या हाती नकोत. आणि बटणासारखी चपटी बॅटरी मुलाने गिळली तर उद्या बघू म्हणू नका, तडक इस्पितळ गाठा. दोन तासांत घसा आतून भाजतो.

याफोचा तो पहिला रोबो मी ठेवला आहे. माझगावचा नव्हेच तो, पण आता तोच माझा. कपाटाला कुलूप नाही. शनिवार मावळला, तारे दिसले, की धाकटा नातू त्याला बाहेर काढतो आणि तीन वेढे चावी देतो. चौथा देऊ का, असं मला विचारतो. मी नको म्हणतो. स्प्रिंग तुटते.

बालमंडळी, तुमची खेळणी मोजा पाहू. आणि आजी-आजोबांना विचारा, अल्या करताना त्यांनी कुठलं खेळणं मागे ठेवलं होतं. उत्तरं संपादकांकडे पाठवा. पुढच्या अंकात भेटू.