विश्लेषण : मराठी मालिकांना शेवट का सापडत नाही?

‘पूर्वीच्या मालिका किती छान असायच्या!’ हे वाक्य मराठी घरांत हमखास ऐकू येतं. बहुतेकदा ते रात्री आठची मालिका पाहता पाहताच उच्चारलं जातं. या तक्रारीत आठवणींचा गोडवा किती आणि तथ्य किती? आणि आवडलेली मालिकाही दोन वर्षांनी नकोशी का होते?

जुन्या मालिका खरंच चांगल्या होत्या का?

काही नक्कीच होत्या. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्यानंतर आलेल्या ‘चिमणराव’मधले दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आजही लोकांच्या लक्षात आहेत. ‘गोट्या’चंही तसंच. पण तेव्हा बहुतेक घरांत दुसरी वाहिनी नव्हती. जे लागेल ते सगळे पाहायचे आणि त्यातलं कंटाळवाणं पुढे विसरून गेले. आपण त्या काळातल्या निवडक मालिकांची तुलना आजच्या सरसकट मालिकांशी करतो, तेव्हा निकाल आधीच ठरलेला असतो.

मग फरक नेमका कुठे पडला?

फरक मोजमापात आहे. दूरदर्शनवर मालिकेला साधारणपणे १३ भागांची मंजुरी मिळायची आणि आठवड्याला एक भाग दाखवला जायचा. म्हणजे तेरा भाग तीन महिने पुरायचे. आता आठवड्याला सहा भाग लागतात, त्यामुळे तेवढेच भाग जेमतेम सव्वादोन आठवड्यांत संपतात. वर्षाला तीनशेच्या आसपास भाग लिहायचे म्हटल्यावर कथेत पाणी घालावंच लागतं.

दुसरा फरक कथेच्या उगमाचा. ‘चिमणराव’ चिं. वि. जोशींच्या कथांतून आला, ‘गोट्या’ ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकातून. खासगी वाहिनीवर २००१ साली सुरू झालेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही साप्ताहिक मालिकाही प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर बेतलेली होती. आज कथा अनेकदा दुसऱ्या भाषेतल्या मालिकेतून येते. ‘आई कुठे काय करते’चं मूळ बंगाली ‘श्रीमोयी’त आहे, ‘ठरलं तर मग’चं तमिळ ‘रोजा’त, तर ‘लक्ष्मी निवास’चं त्याच धाटणीच्या नावाच्या कन्नड मालिकेत. एकाच समूहाच्या अनेक भाषांत वाहिन्या असल्या, की एका ठिकाणी चाललेली कथा दुसरीकडे नेणं सोपं आणि कमी जोखमीचं ठरतं.

टीआरपी कथा कशी बदलते?

‘बार्क’ ही संस्था देशभरातल्या ५० हजारांहून अधिक घरांत मीटर बसवून कोण काय पाहतं याची नोंद ठेवते. हे आकडे दर आठवड्याला येतात आणि जाहिरातींचे दर त्यावर ठरतात. कट-कारस्थानाच्या आठवड्यात आकडा वाढला, तर ते कारस्थान लांबतं. एखाद्या पात्राला प्रतिसाद नसेल, तर ते परगावी जातं किंवा अपघातात सापडतं. त्यात निर्मात्याकडे तयार भागांची ‘बँक’ अनेकदा थोड्याच दिवसांची असते. सकाळी चित्रित होणाऱ्या प्रसंगाचे संवाद ऐन वेळी हातात पडणं या क्षेत्रात नवीन नाही.

लेखकाला शेवट केव्हा आहे हेच माहीत नसतं. आकडे चांगले असतील तर मालिका संपवायला कुणी तयार नसतं आणि घसरले तर घाईघाईत गुंडाळली जाते. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. कुठलीही कथा इतकी लांब नसते.

नुकसान कोणाचं होतं?

‘आई कुठे काय करते’ हे त्याचं ठळक उदाहरण. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याच्या दुसऱ्या नात्याला सामोरी गेली, घटस्फोट घेतला, गाण्यातून पायावर उभी राहिली आणि मुलं मोठी झालेली असताना पुन्हा लग्न केलं. जिथे बाईने सोसणं हाच सद्गुण मानला जातो, त्या कौटुंबिक मालिकेच्या साच्यात हे घडलं, ही मोठी गोष्ट होती. ती तिथे संपली असती तर तिचं म्हणणं ठामपणे पोहोचलं असतं. पण मालिका चालू राहिली. दुसरा नवरा आशुतोष मरण पावला, अरुंधती पुन्हा जुन्याच माणसांच्या गुंत्यात ओढली गेली आणि शेवटी दुपारच्या वेळेत गेलेली ही मालिका २०२४ मध्ये संपली. वाढवलेल्या भागांनी आधीच्या धाडसाची धार बोथट केली.

म्हणजे आज काहीच चांगलं नाही?

तसं नाही. ‘लागिरं झालं जी’मुळे सातारकडची आणि ‘तुझ्यात जीव रंगला’मुळे कोल्हापूरची बोली रोज रात्री घराघरांत पोहोचली. एरवी गावाकडची बोली विनोदापुरती वापरली जायची, इथे नायक-नायिका प्रेमही त्याच बोलीत करत होते. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने रंगभूमीवरच्या कितीतरी नटांना ओळख मिळवून दिली. अभिनयाची आणि तांत्रिक कौशल्याची उणीव नाही.

यावर उपाय काय?

उपाय मराठीत आधीच करून झाला आहे. सतीश राजवाडे यांची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये सुरू झाली आणि लोकप्रिय असतानाच त्याच वर्षी संपली. घना आणि राधा आजही आठवतात, कारण त्यांना कंटाळण्याची वेळच प्रेक्षकांवर आली नाही. शंभर-दीडशे भागांची कथा आधी ठरवून सांगायला वाहिन्यांनी पुन्हा सुरुवात केली, तर जाहिरातदार लगेच पळून जातील असं नाही.

प्रेक्षकाच्या हातातही थोडं आहे. ‘काय दाखवतात हे!’ म्हणत रोज पाहिलेली मालिका आकड्यांत आवडीची मालिका म्हणूनच मोजली जाते. मीटरला वैताग कळत नाही, फक्त टीव्ही कुठल्या वाहिनीवर आहे एवढंच कळतं.