टॅटूतलं 'व्हायकिंग होकायंत्र'

आमच्या ग्रुपमध्ये सध्या तिघांच्या हातावर एकच टॅटू आहे. मध्यातून आठ रेषा फुटलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला वेगळी नक्षी. नाव 'वेगविसिर'. 'व्हायकिंग लोक समुद्रात वाट चुकू नये म्हणून वापरायचे,' असं टॅटूवाला सांगतो. ऐकायला भारी वाटतं! पण व्हायकिंगांचा काळ अकराव्या शतकात संपला आणि हे चिन्ह सापडतं ते आइसलँडमधल्या 'हुल्ड' नावाच्या हस्तलिखितात. ते लिहिलं गेलं १८६० मध्ये. हे चिन्ह जवळ बाळगणारा वादळात वाट चुकणार नाही, एवढंच तिथे म्हटलंय. व्हायकिंगांचा पत्ताच नाही.

डिझाइन आवडलं म्हणून काढलं, तर माझं काहीच म्हणणं नाही. (माझाही विचार होता, आईमुळे राहिला.) खटकतं ते हे, की 'व्हायकिंग' म्हटलं की ज्यांच्या ह्या खुणा होत्या ती माणसंच गायब होतात.

ती होती साधी शेतकरी, मेंढपाळ माणसं. चोर कोण ते कळावं, समोरच्याचा राग उतरावा, असल्या रोजच्या अडचणींसाठी ती खुणा कोरायची. एक खूण तर शिशाची करून दोन भुवयांच्या मध्ये दाबायची असायची. सतराव्या शतकात मात्र असल्या खुणांचा कागद जवळ सापडणं जिवावर बेतायचं. त्या शतकात तिथे जादूटोण्याच्या आरोपावरून वीसेक जणांना जाळलं. त्यात बाई फक्त एक.

१६५६ मध्ये एका पाद्र्याने आपल्या आजारपणाचं खापर गावातल्या बापलेकांवर फोडलं. दोघांचंही नाव योन योनसन. मुलाने जे कबूल केलं त्यात एक गोष्ट अशी, की एका मुलीचं पोट बिघडून तिला सारखा वारा सरावा म्हणून त्याने खुणा वापरल्या होत्या. वाचताना मी फस्सकन हसले. पुढच्याच ओळीत होतं, दोघांना जिवंत जाळलं.

पाद्री बरा झाला? छे. मग त्याने त्याच घरातल्या मुलीवर आरोप केला. ती निर्दोष सुटली आणि तिने उलट त्याच्यावरच दावा लावला.

ग्रुपमधली चौथी पुढच्या आठवड्यात टॅटू काढायला जातेय. तिला ही गोष्ट सांगितली. डिझाइन काही तिने बदललेलं नाही. 'टॅटूवाला व्हायकिंग म्हणाला की मी योनचं नाव घेणार,' म्हणाली.